गोधडीचं जाकीट

मिलिंद गेला त्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. मिलिंद माझा थोरला भाऊ. कावीळ झाली, आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता गेला. नाशिकरोडला आमची कॉलनी, घर दोन खोल्यांचं. बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क. आई नांदगावकडची. तिचा आवाज असा होता की ती नळावर यायला निघाली की बायका आधीच हंडे सरकवून तिला जागा करायच्या. तो आवाजच बंद झाला. आधी स्टेशनात डबे जोडल्याचा धडाम आवाज आमच्या गडबडीत कधी ऐकू यायचा नाही, तो आता स्वयंपाकघरात बसून ऐकू येई. स्टोला पंप मारल्याचा आवाज यायचा, भाकरी थापल्याचा यायचा, आणि जेवताना तिघांच्या चावण्याचा. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कधी सुकटीची चटणी. चव होती की नव्हती ते आज मला सांगता येणार नाही. आई रडली नव्हती. मयताच्या दिवशीही नाही. बायकांनी तिला हलवून हलवून रडवायचा प्रयत्न केला, ती आपली भिंतीकडे बघत बसली. मीही रडले नाही, पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मी कॉलेजातून आले काय, न आले काय, ताट वाढलेलं असायचं. आई ताटाकडे बघायची, माझ्याकडे नाही. मला तेव्हा स्पष्ट वाटायचं, आज या वयात खोटं कशाला बोलू, की दोन पोरांतलं एक गेलं आणि दुसरं उरलंय, हे आई विसरून गेली आहे.

आणि त्याचे कपडे. पूर्वी, म्हणजे आज्याच्या काळात, मेलेल्या माणसाच्या कपड्यांचं काय करायचं हे ठरलेलं असे. कुणाला द्यायचे, कुठं टाकायचे, कधी, सगळं. बाबांच्या पिढीनं बौद्ध होऊन ते सगळं सोडलं आणि चांगलंच केलं. मिलिंदच्या वेळी भंतेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, कॉलनीतली माणसं जेवून गेली. पण कपड्यांचं काय, ते कुणी सांगितलं नाही. शेजारच्या कमळमावशीनं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "देऊ कुणातरी गरजूला." गरजूंची आमच्या भागात काय वानवा होती? पण बाबांच्यानं देववेना. कपडे पत्र्याच्या पेटीत, पेटी खाटेखाली, आणि त्या खाटेवर मी झोपायचे.

कॉलेजात खाकी घालून परेड करणाऱ्या मुलींत मी होते. धावण्यात बरी होते, पांडवलेण्यांच्या पायऱ्या न थांबता चढायचे. त्या वर्षी मनालीच्या वर स्कीइंगचा कोर्स होता आणि आमच्या मॅडमनी माझं नाव घातलं. स्कीइंग म्हणजे पायांना लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरायचं, एवढंच मला माहीत. बर्फ म्हणाल तर रसवंतीच्या गुऱ्हाळात गोणपाटाखाली ठेवलेली लादी पाहिलेली, तिच्यापलीकडे नाही. मी घरी सांगितलं ते जेवताना. खरं सांगायचं तर आनंदानं नाही सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी आई ओरडेल. "एक गेला, आता तूबी चालली का मरायला, शोभे?" असं काहीतरी म्हणेल. बाबांनी घास तसाच हातात ठेवला आणि म्हणाले, "इतक्या लांब? एवढ्या थंडीत? नको." आईनं मान वर केली नाही. म्हणाली, "जाऊ द्या तिला." आणि माझ्या ताटात आणखी भाकरी टाकली. झालं. मी जाणार हे ठरलं.

मग प्रश्न आला घालायचं काय. मॅडम स्वतः कधी बर्फात गेलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भरपूर गरम कपडे घ्या, वरचं विंडचीटर तिथं मिळेल." भरपूर म्हणजे किती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. नाशिकची थंडी म्हणजे तशी बोचरी. पहाटे अंगणातलं पाणी हाताला चावतं, शेकोट्या पेटतात, द्राक्षवाल्यांची झोप उडते. पण त्या थंडीला आमचं उत्तर एकच होतं, गोधडी. ती पांघरून चहा प्यायचा, ऊन वर आलं की घडी घालायची. थंडीत गोधडीच्या बाहेर पडून मुद्दाम काही करायचं, ही कल्पनाच आमच्याकडं नव्हती. कमळमावशीनं पुढाकार घेतला, कारण आईनं घेतला नाही. कमळमावशी म्हणजे कॉलनीची बिनपगारी पुढारी. ती मला आणि आईला देवळाली कॅम्पात घेऊन गेली. तिथं लष्कराचे जुने कोट मिळायचे. दुकानदारानं एक कोट माझ्या अंगावर चढवला तर तो घोट्यापर्यंत आला आणि मी खाली वाकले. वजनच तेवढं. "बहेनजी, ये पहनके जवान रातभर बॉर्डर पे खडा रहता है," तो म्हणाला. "अरे बाबा, तो उभा राहतो," कमळमावशी म्हणाली, "हिला घसरायचंय. ह्यात घसरली तर डायरेक्ट पाकिस्तानात जाईल." दुकानदार हसला, मीही हसले. आई कोटाची बाही दोन बोटांत धरून कापड चोळून बघत होती. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

थंडीत तिबेटी बायका स्वेटर विकायला येतात, त्यांच्याकडून एक जांभळा लोकरी स्वेटर घेतला. तो अंगाला टोचायचा म्हणून आत घालायला मावशीनं एक सुती बनियन आणि त्यावर आणखी एक सुती बनियन सांगितलं. "आतून सुती पाहिजे, सुती घाम टिपतं," मावशी म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नाशिकच्या उन्हात जन्म गेलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार! घाम टिपतं ते चांगलं, हे आमचं उभ्या जन्माचं ज्ञान. टिपलेला घाम पुढं जातो कुठं, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. परवा माझी नात मनालीला निघाली तर मोबाईलवर जाकिटं दाखवत बसली होती. आतला थर असा, मधला तसा, बाहेरचा अमुक. "आजी, पहिला थर कॉटनचा कधीच नसतो," मला शिकवत होती. मी म्हटलं, "हो का? बरं झालं सांगितलंस."

जाकीट मात्र काही मिळेना. मग एका दुपारी मी कॉलेजातून आले तर खाट सरकवलेली आणि पेटी उघडी. आई जमिनीवर बसली होती आणि मिलिंदच्या पँटची शिवण उसवत होती. दातात दोरा, हातात ब्लेड. शर्ट, पँट, त्याचे पायजमे, एक एक करून उसवले, सपाट केले, एकावर एक अंथरले. गोधडीला अंथरतात तसेच. वर त्याची तपकिरी टेरिकॉटची पँट, आत सगळं सुती, थरावर थर. मला उभं करून तिनं खांद्यापासून कमरेपर्यंत दोरीनं माप घेतलं. ती माझ्याकडे बघत होती, पण कापड बेतायला बघतात तसं. पुढं कितीतरी दिवस तिचं तेच चाललं. दाभणानं धावदोरा घालायचा, थर जाड म्हणून दाभण टक् करून आरपार जायचं आणि मागून दोरा सर्रकन ओढला जायचा. टक्, सर्र. बाबा कामावरून आले, चौकटीत उभे राहिले, काय उसवलंय ते बघितलं, आणि पाय धुवायला बाहेर गेले. बराच वेळ पाय धूत बसले. मी मनात म्हटलं, चला, आई मिलिंदला बर्फात पाठवतेय. मी नुसती आत असणार आहे.

मग घालून बघायचा दिवस आला. मावशी आली, तिच्या सुना आल्या. आत दोन बनियन, स्वेटर, त्यावर जाकीट, पायात मोजे तीन-तीन, डोक्याला माकडटोपी. मला दोन्ही हात अंगाला टेकवता येईनात. जाकिटाच्या छातीवर आईनं मिलिंदच्या शर्टाचा खिसा तसाच ठेवला होता. सुनांपैकी एक म्हणाली, "अगं बाई, हिला ढकललं तर गडगडत त्र्यंबकपर्यंत जाईल." घाम नुसता पाझरत होता, आणि सगळ्या खूश, कारण घाम येतोय म्हणजे ऊब आहे. बाबा इतका वेळ कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते उठले, पेपरची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "स्वेटरच्या आत छातीशी ठेव. मी थंडीत सायकलवर जाताना ठेवतो. वारा लागत नाही." एवढं सलग ते बऱ्याच दिवसांनी बोलले होते. स्टेशनावर निघायच्या वेळी आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू बांधून दिले. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाली, "जाकीट अंगातनं काढू नको. कितीबी गरम होऊ दे." जपून जा नाही, पत्र टाक नाही. जाकीट.

बर्फाबद्दल लोक फार लिहितात. मला तो पहिल्या दिवशी चुन्यासारखा वाटला, आणि उजेडानं डोळे दुखले. आमचे उस्ताद तिथलेच पहाडी गृहस्थ होते. बारीक अंगाचे, शब्दाला महाग. त्यांनी आल्या आल्या कपडे तपासले. माझ्या जाकिटाला हात लावला आणि म्हणाले, "ये क्या है? रजाई?" मुली हसल्या. "सूती है. मत पहनो. ऊन पहनो, ऊपर विंडचीटर." ऊन म्हणजे त्यांच्या भाषेत लोकर. विंडचीटर मिळालं होतं, पण जाकिटावरून त्याची चेन लागेना. दोन्हींतलं एकच घालता येणार होतं. मी जाकीट घातलं. माझ्या खोलीत लुधियानाची हरप्रीत होती, चांगली धिप्पाड, मनानं मोकळी. ती म्हणाली, "पागल है क्या? उस्तादजी ने मना किया ना?" मी म्हटलं, "माँ ने बोला है." आईनं सांगितलंय म्हटल्यावर कुणीही गप्पच होतं.

त्या काळी तिथं वर न्यायला पाळणे-बिळणे काही नव्हते. फळ्या खांद्यावर टाकायच्या, जडशीळ चामडी बुटांनी उतार चढायचा, मग वरून घसरत यायचं. घसरत म्हणजे पडत. चढताना मी घामानं निथळले. दोन्ही बनियनांनी तो घाम इमानेइतबारे टिपला. मग मी पडले, उठले, पुन्हा पडले, आणि दर वेळी जाकिटाला चिकटलेला बर्फ अंगाच्या उबेनं वितळून आत जिरत गेला. मिलिंदच्या सगळ्या शर्टांनी, पायजम्यांनी पाणी पिऊन घेतलं. जाकीट हळूहळू ओल्या गोणीसारखं जड झालं. दुपारी वारा सुटला आणि रांगेत आपली पाळी येईपर्यंत उभं राहावं लागलं. आधी मी कुडकुडले, दात वाजले. मग कुडकुडणं थांबलं. मला बरं वाटलं. म्हटलं, सवय झाली. बोटं माझी आहेत असं वाटेना, पण त्याचंही काही वाटेना. घरात इतके महिने तसंच तर चाललं होतं. उस्तादांनी काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, पण माझी जीभ जड झाली होती आणि मी मराठीत बोलत होते असं हरप्रीत नंतर म्हणाली. उस्ताद माझ्या तोंडाकडे बघत होते. "उतारो इसको," ते म्हणाले. मी जाकिटाचं पुढचं दोन्ही हातांनी धरलं. म्हणजे धरलं असं मला वाटलं, हात काही मिटत नव्हते. मी म्हटलं, "नाही. आईनं सांगितलंय." उस्ताद वाद घालणारे नव्हते. त्यांनी हरप्रीतला खूण केली. तिनं आणि आणखी एका मुलीनं मला खाली बसवलं आणि जाकीट अक्षरशः ओढून काढलं. बटणं तुटली. स्वेटर आणि ओली बनियनं काढली. सगळ्या मुली अंगाचा आडोसा करून भोवती उभ्या राहिल्या. उस्तादांनी पाठ करून स्वतःचा लोकरी सदरा मागे फेकला, तो मुलींनी माझ्या उघड्या अंगावर चढवला.

खोलीत बुखारीजवळ, म्हणजे तिकडच्या लोखंडी शेगडीजवळ, मला बसवलं आणि बोटांत जीव यायला लागला. तो येतो तेव्हा काय होतं ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. नखांखाली सुया टोचल्यासारखं. मी ओरडले, हरप्रीतनं माझे हात आपल्या काखेत धरून ठेवले आणि पंजाबीत मला शिव्या घातल्या. रडू मात्र आलं नाही. दुखत होतं, बास. सकाळी दार उघडलं तर बाहेर व्हरांड्यात टाकलेलं जाकीट रात्रीत गोठून लाकूड झालेलं. हरप्रीतनं ते उचलून भिंतीशी ठेवलं तर ते उभंच राहिलं. हात जरा पसरलेले, छातीवर खिसा. ती खो खो हसायला लागली. मीही हसले, आणि हसता हसता मला बघवेना. मी आत गेले.

पुढचे दिवस मी उस्तादांचा सदरा, अंगाला टोचणारा स्वेटर, विंडचीटर आणि बाबांचा पेपर यांच्यावर काढले. पेपर पाहून उस्ताद म्हणाले, "ये ठीक है." आमच्या घरातली तेवढी एकच गोष्ट त्यांनी पास केली. घामानं त्या पेपरची अक्षरं स्वेटरखालच्या सदऱ्यावर उलटी उमटली होती, लासलगावचे कांद्याचे भाव होते ते. स्कीइंग मला थोडंफार जमलं. शेवटी शेवटी तर न पडता खाली आले, एकदा नाही, पुष्कळदा. पण त्या सबंध काळात मनात एकच घोळत होतं, आईला काय सांगू? तिनं मिलिंदला माझ्या अंगावर दिला आणि मी तो काढून टाकला. खोटं बोलावं तर तुटलेली बटणं होती, फाटलेली बाही होती, वाळून आकसलेलं, कुबट वासाचं ते सगळंच होतं.

घरी पोचले तेव्हा आई भाकऱ्या करत होती. बाबा बाहेरच्या खोलीत. मी जाकीट पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवलं. तिनं पिठाच्या हातानं ते उलटलं, बाही बघितली, बटणांची जागा बघितली. "काढलं नव्हतंस न्हवं?" ती म्हणाली.

"काढलं," मी म्हटलं. "मी नाही काढलं, त्यांनी काढलं. ओलं झालं होतं आई. सगळं पाणी आत धरून ठेवलं त्यानं. मी गार पडले. मला बोलता येईना. तिथले उस्ताद म्हणाले, अजून थोडा वेळ अंगावर राहिलं असतं तर..."

तव्यावरची भाकरी फुगली, करपायला लागली. आईनं ती उलटली नाही. तिनं माझा हात ओढून घेतला. बोटांच्या टोकांची कातडी सालपटासारखी सुटत होती, दोन नखं काळी पडली होती. एक एक बोट ती दाबून बघत गेली.

"दुखतंय?"

"आता नाही."

"आन् तू तशीच घालून बसलीस?"

"तूच म्हणालीस, काढू नको म्हणून."

फाडकन तिनं माझ्या कानाखाली वाजवली. आधी कधी मारलं नव्हतं असं नाही, पण असं नव्हतं मारलं. "म्या म्हनलं! म्या म्हनलं म्हून मरशील का तू?" तिचा तो जुना आवाज, नळावरचा, सगळ्या कॉलनीत ऐकू जाणारा. "अक्कल गहाण टाकली व्हती का? फेकून द्यायचं व्हतं! जाळायचं व्हतं तिथंच! मेलेल्या मान्साची कापडं ती, शोभे. त्याला आता कशाची थंडी? तुला थंडी लागू नये म्हून फाडली ना म्या. तुझ्यासाठी फाडली. लय जीवावर आलं, तरी फाडली. आन् तू..." तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली, मयताच्या दिवशी बायकांनी जमून रडवायला पाहिलं तेव्हा रडली नव्हती ते सगळं. एका हातानं माझं मनगट घट्ट धरून, दुसरा जमिनीवर आपटत. बाबा धावत दारात आले. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुढं होऊन स्टो बंद केला आणि तिथंच आमच्याजवळ खाली बसले.

मला तेव्हाही रडू आलं नाही. गालावर पीठ लागलं होतं आणि गाल झणझणत होता. मी तो पुसला नाही, चोळला नाही. किती दिवसांनी मला काहीतरी लागत होतं, ते लागू दिलं.